मराठी मजकूर शोधताना: शोधचौकटीत नेमके काय टाकावे

शोधचौकटीत शब्द टाकून एंटर दाबला की गूगल किंवा बिंग त्या क्षणी सारे इंटरनेट धुंडाळत नाही. ते आपल्याजवळची सूची उघडते. क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतात आणि तिथला मजकूर उतरवून आणतात. मग प्रत्येक शब्दापुढे, तो कोणकोणत्या पानांवर आला आहे याची यादी तयार होते. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसेच हे. तुम्ही तीन शब्द दिले की तिन्ही याद्या काढून त्यांतली जुळणारी पाने वेचली जातात. मग क्रम लागतो: शब्द शीर्षकात आहे की तळाशी, पान ताजे आहे की जुने, आणि इतर कोणत्या संकेतस्थळांनी त्याला लिंक दिली आहे. लिंकांवरून पानाचे वजन ठरवण्याची पद्धत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली आणि तिच्याच बळावर १९९८ मध्ये गूगल कंपनी सुरू झाली.

आताची शोधयंत्रे समानार्थी शब्द आणि चुकलेले शुद्धलेखनही ओळखू पाहतात. इंग्रजीत ते बरेचसे साधते, मराठीत अजून त्यावर विसंबता येत नाही. म्हणून मराठीत काहीही शोधण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ज्याने हे पान लिहिले असेल, त्याने हा शब्द कोणत्या रूपात लिहिला असेल?

एकाच शब्दाची अनेक रूपे

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटताना शब्दाचे मूळ रूपही बदलते. पुणे, पुण्यात, पुण्याहून. दूध, दुधाचा. विहीर, विहिरीसाठी. सूचीच्या दृष्टीने हे सगळे वेगवेगळे शब्द असू शकतात. ‘विहीर अनुदान’ टाकून काही हाती लागले नाही, तर ‘विहिरीसाठी अनुदान’ टाकून पाहावे. दोन्ही एकदमच हवे असतील तर त्यांच्यामध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहावे. लहान अक्षरांत लिहिलेले ‘ऑर’ आज्ञा म्हणून धरले जात नाही.

लिहिणारा कोण आहे, यावरही शब्द ठरतो. सरकारी कागदात ‘पैसे मिळणे’ नसते, ‘अर्थसहाय्य’ असते, आणि तेही कुठे ‘अर्थसाहाय्य’ असे छापलेले. कार्यालयीन पानांवर ‘अर्ज कसा करावा’, तर ब्लॉगवर ‘अर्ज कसा करायचा’. सातबारा कोणी अक्षरांत लिहितो, कोणी ७/१२ असा देवनागरी अंकांत, कोणी इंग्रजी अंकांत. तिन्ही करून पाहावेत.

जुना मजकूर शोधताना शुद्धलेखनही जुनेच हवे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ असे छापलेले आहे. आजच्या पद्धतीने अवतरणचिन्हांत घालून, म्हणजे जसेच्या तसे शोधले, तर ती पाने निसटतात.

दिसायला सारखे, आतून वेगळे

‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो: खाली टिंब असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. शोधयंत्राने ते अदृश्य चिन्ह गाळले, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरांऐवजी समुद्र समोर येतो. ‘ॲप’ मधल्या ॲ चेही असेच आहे. तो एकसंध अक्षर म्हणून टंकता येतो किंवा अ वर चंद्र देऊन. अशा शब्दाने काहीच सापडत नसेल तर तो वगळून बाजूच्या शब्दांनी शोधावे. नाहीतर सापडलेल्या एखाद्या पानावरून तोच शब्द कॉपी करून शोधचौकटीत चिकटवावा.

हिंदीची पाने बाजूला सारणे

लिपी एकच असल्याने हिंदी पाने सतत वर येतात, आणि काही शब्दांत अर्थच उलटतो. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण. ‘संशोधन’ शोधले की हिंदीतल्या कायदादुरुस्त्या दिसतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘कसा’ यांपैकी एखादा शब्द जोडणे. हिंदी पानावर ‘आहे’ सहसा सापडणार नाही. यातला ‘नाही’ हा त्यामानाने कच्चा, कारण हिंदीतला ‘नहीं’ त्याच्या जवळचा म्हणून धरला जाऊ शकतो.

उपयोगी आज्ञा

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना मात्र इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत, आणि अपूर्णविरामानंतर (:) जागा सोडू नये. जागा सुटली की आज्ञा साधा शब्द बनते. बहुतेकांचे इथेच बिघडते.

- दुहेरी अवतरणचिन्हे: आतले शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने हवेत. दोन ते पाच शब्द पुरेत. अख्खे वाक्य घातले तर एका वेलांटीच्या फरकाने सगळे हुकते.
- साइट: एकाच संकेतस्थळात शोध.
- फाइलटाइप:पीडीएफ: फक्त पीडीएफ.
- उणे चिन्ह: नको असलेल्या शब्दाला चिकटवून, त्याआधी एक जागा सोडून.
- बिफोर: आणि आफ्टर: त्या तारखेच्या आधीचे किंवा नंतरचे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, उदा. २०२४-०६-०१.

शासन निर्णय शोधण्याची रीत

समजा, सिंचन विहिरीबद्दलचा शासन निर्णय हवा आहे. आधी अवतरणात ‘सिंचन विहीर’, मग अवतरणाबाहेर ‘शासन निर्णय’, मग ‘साइट:महाराष्ट्र.जीओव्ही.इन’. निकाल फार आले तर ‘आफ्टर:’ जोडावे, फार कमी आले तर अवतरण काढावे. हाती आलेला कागद आजही लागू आहे का, हे तपासणे तितकेच महत्त्वाचे. त्यासाठी त्याच विषयासोबत ‘अधिक्रमित’ आणि ‘सुधारित’ हे शब्द टाकून पुन्हा शोधावे, कारण नवा निर्णय जुन्याला मागे सारतो तेव्हा हेच शब्द वापरतो. निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक तारखेचे असतात. तो हाती असेल तर शब्दांच्या खटपटीत न पडता शासनाच्या संकेतस्थळावरच्या शासन निर्णयांच्या पानावर थेट संकेतांकाने शोधावे.

एवढे करूनही न सापडणारे पुष्कळ असते. जुनी पत्रके, अहवाल आणि अंक युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी, आता सर्वत्र चालणारी पद्धत) येण्याआधीच्या फाँटांत केलेले आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेव बसवलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. मराठी उमटली तर मजकूर शोधण्याजोगा आहे, अगम्य चिन्हे आली तर जुना फाँट, काहीच निवडता आले नाही तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारांत मजकुरातल्या शब्दांनी शोधण्यात वेळ घालवू नये. पीडीएफची लिंक ज्या पानावर दिली असेल, त्या पानाच्या शीर्षकाचा अंदाज बांधावा.

अर्ज भरून मिळणारी माहितीही सूचीत नसते. क्रॉलर गावाचे नाव निवडून गट नंबर भरत नाही आणि कॅप्चाही (माणूसच आहे ना, हे तपासणारे कोडे) सोडवत नाही. त्यामुळे एखाद्या गटाचा सातबारा गूगलवर कितीही शोधला तरी मिळणार नाही, महाभूलेख या शासनाच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावरच जावे लागते. पान पूर्वी होते आणि आता उघडत नाही, तर त्याचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकावा. तिथे जुनी प्रत असण्याची शक्यता असते.

वरचा निकाल म्हणजे खरा निकाल नव्हे

‘प्रायोजित’ असे लिहिलेला निकाल पैसे देऊन वर आणलेला असतो. इतर निकालांचा क्रमही खरेपणावरून लागत नाही. बँक, गॅस एजन्सी किंवा कुरिअरचा ग्राहक सेवा क्रमांक तर शोधनिकालांतून कधीच घेऊ नये. भामटे बनावट पाने आणि नकाशावरच्या नोंदींत आपले नंबर घालून ठेवतात, आणि घाईतला माणूस नेमका तोच फिरवतो. क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा अधिकृत ॲपमधूनच घ्यावा. ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले की फोन ठेवावा. पैसे गेलेच तर शरमेने वाट पाहत बसू नये, ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.