बर्फात मेंढ्या सांभाळताय? निदान या चुका टाळा

इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियाच्या डोंगरांत, मी बरीच वर्षं मेंढ्यांमध्ये काम करते. हिवाळा लागला की ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. कुणी शहरातली नोकरी सोडून पाच-सात एकर घेतलेले आणि हौसेने वीसेक मेंढ्या पाळलेल्या. कुणी पशुवैद्यकीचं शिक्षण घेताना विणीच्या हंगामात फार्मवर कामाला आलेलं. प्रश्न बहुतेक एकच असतो: "बर्फ पडणार म्हणतात, आता काय करू?" खरं तर हा प्रश्न ऑक्टोबरमध्ये विचारायचा असतो. तेव्हा कुणी विचारत नाही, आणि मग त्याच त्या चुकांपायी चांगली जनावरं जातात. म्हणून हे लिहितेय.

थंडीची भीती, ओलीकडे दुर्लक्ष

पाठीवर बर्फाचा थर घेऊन मेंढी शांत रवंथ करत उभी दिसली की नवखा माणूस कासावीस होतो, धावत जाऊन तो बर्फ झटकू लागतो. झटकू नका. पाठीवरचा बर्फ वितळत नाही याचा अर्थ अंगातली ऊब लोकरीबाहेर जात नाहीये. पूर्ण लोकर असलेली, कोरडी आणि पोट भरलेली मेंढी शून्याखालची थंडी सहज काढते. चिंता करायची ती भिजलेल्या मेंढीची. लोकर मुळापर्यंत ओली झाली आणि वरून वारा लागला, तर तापमान शून्याच्या वर असलं तरी ती मरते.

हे समजायला इंग्लंडला यावं लागत नाही. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या पट्ट्यात, अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आला आणि हजारावर शेळ्या-मेंढ्या दगावल्या. तिथे बर्फाचा कणही नव्हता. आपला धनगर दिवाळीनंतर खांड घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर घाट चढून परत येतो, त्यामागे चाऱ्याइतकाच ओलीपासून पळण्याचा हिशोब आहे. इथेही तोच लावा. मला कोरड्या बर्फापेक्षा आधी पाऊस, मग वारा आणि मग बर्फ असा अंदाज आला की जास्त धास्ती वाटते.

भिंतीचा आडोसा

यावर मी दरवर्षी वाद घालते, आणि दरवर्षी कुणीतरी हीच चूक करतं.

कंब्रियात कुरणांना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती असतात, साधारण छातीइतक्या उंच. एरवी वारा नैऋत्येचा, पाऊस घेऊन येणारा. त्या पावसात भिंतीमागचा आडोसा उत्तमच. बर्फाचं गणित मात्र उलटं आहे. उडत्या बर्फाने भरलेला वारा भिंत ओलांडतो, पलीकडे त्याचा वेग पडतो आणि हातातलं सगळं ओझं तो तिथेच टाकतो. म्हणजे आडोशाची जागा हीच बर्फाचा ढिगारा साचण्याची जागा. मोकळ्या माळावर घोट्याएवढा बर्फ असताना भिंतीमागे तो भिंतीच्या माथ्याला लागलेला असतो. मेंढ्या तिथे दाटीवाटीने बसतात, हलत नाहीत आणि गाडल्या जातात.

मार्च 2013 मध्ये हे आमच्या डोळ्यांसमोर घडलं. 22 तारखेला, शुक्रवारी, पूर्वेचा वारा सुटला आणि शनिवार-रविवारभर बर्फ उडत राहिला. कंब्रिया, उत्तर वेल्स, आइल ऑफ मॅन, स्कॉटलंडचा नैऋत्य कोपरा, उत्तर आयर्लंड, सगळीकडे ऐन विणीचा हंगाम. उत्तर आयर्लंडात तर अडकलेल्या कळपांना हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरमधून वैरण टाकावी लागली.

आमच्या खोऱ्यात एक नवं जोडपं होतं. माणसं कष्टाळू, मेंढ्यांवर जीव. त्यांनी अंदाज वाचला, वारा पूर्वेचा आहे हे ओळखलं आणि सगळ्या गाभण मेंढ्या भिंतीच्या पश्चिमेला नेऊन उभ्या केल्या. वर लोखंडी फाटकं लावून त्यांना तिथेच कोंडलं, म्हणजे वाऱ्यात भरकटायला नकोत. शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने त्याच संध्याकाळी नेमकं उलटं केलं: मधली सगळी फाटकं सताड उघडी टाकली. त्याच्या स्वेलडेल मेंढ्या आपल्या पायांनी टेकाडाच्या उघड्या खांद्यावर गेल्या. तिथे वारा भयंकर होता, पण बर्फ टिकत नव्हता. या डोंगरी मेंढ्यांना आपापला डोंगराचा तुकडा पाठ असतो. कुठे उभं राहायचं हे कोकरू आईच्या मागे फिरताना शिकतं. बाजारातून गेल्या वर्षी आणलेल्या मेंढीला ते माहीत नसतं. तिच्या वतीने तुम्हाला विचार करावा लागतो.

सोमवारी त्या जोडप्याच्या भिंतीच्या जागी नुसता पांढरा उतार होता. लांब काठ्या खुपसत आम्ही एका रेषेत पुढे सरकलो. काठी मऊ लागली की खणायचं. शेजाऱ्याची कुत्री मात्र काठीपेक्षा बिनचूक. ती थांबून पंजा मारायला लागली की खाली मेंढी असायचीच. बर्फावर बारीक पिवळसर भोकं शोधा. खालच्या मेंढीच्या उबदार श्वासाने ती पडतात आणि त्याच वाटेने तिला हवा मिळते. म्हणून ढिगाऱ्यावर उगाच फिरून ती भोकं बुजवू नका, आणि खणताना वरून घाव न घालता उताराच्या खालच्या अंगाने आत शिरा. आठवडा उलटल्यावरही जिवंत मेंढ्या निघाल्या. भुकेने त्यांनी एकमेकींच्या पाठीवरची लोकर कुरतडून खाल्ली होती. "दोन दिवस झाले, आता काय उपयोग" असं म्हणून खणणं सोडणाऱ्यांवर माझा राग आहे, तो यामुळेच.

मग मेंढ्या ठेवायच्या कुठे? वारा येतो त्या बाजूला, भिंतीपासून लांब, किंवा झाडांच्या पट्ट्याजवळ. झाडांतून थोडा वारा गाळून जातो, त्यामुळे बर्फ एका जागी न साचता पसरून पडतो. स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागात डोंगरांवर जुने गोल दगडी वाडे दिसतात. त्यांना स्टेल म्हणतात. गोल भिंतीला वळसा घालून वारा बर्फ बाहेरच्या बाहेर नेतो आणि आतली जागा बरीचशी मोकळी राहते. आपल्या जमिनीवर बर्फ कुठे साचतो हे पहिल्या किरकोळ बर्फातच फिरून बघा आणि तिथे उंच खांब रोवा. मी नाले आणि फाटकंही खांबांनी दाखवून ठेवते. पांढऱ्या रानात आपलं स्वतःचं कुरणही ओळखू येत नाही.

सुटकेनंतर पेंडीची बादली

त्या जोडप्याची गोष्ट इथे संपत नाही, आणि हा भाग आठवला की मला अजून वाईट वाटतं. बर्फातून जिवंत काढलेल्या मेंढ्यांपुढे त्यांनी मायेपोटी गोळी पेंडीच्या बादल्या ओतल्या. मेंढ्या तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही पोट फुगून, दात खात, आडव्या पडल्या. उपाशी कोठीपोटातले जिवाणू धान्याला तयार नसतात. धान्य एकदम आलं की आम्ल तयार होतं आणि जनावर आतून पोळतं. बर्फाने सोडलेल्या मेंढ्या पेंडीने नेल्या.

सुटका झालेल्या मेंढीला आधी कोमट पाणी थोडंथोडं, मग सुकं गवत. पेंड नंतर, रोज मूठ-मूठ वाढवत. पेंड एका वेळी अर्ध्या किलोच्या वर मी कधीच देत नाही, एरवीच्या दिवसांतही नाही.

मुळात बर्फातलं खरं खाद्य सुकी वैरणच. तंतुमय चारा पोटात आंबताना उष्णता तयार होते, तीच मेंढीची शेगडी. गवत पूर्ण झाकलं गेलं असेल तर मध्यम बांध्याच्या मेंढीला दिवसाला दीड किलोच्या आसपास सुकं गवत धरा. ते एका ढिगात टाकू नका, लांब ओळीत पसरा. ढिगापाशी दांडग्या मेंढ्या पोट भरतात आणि ज्यांना गरज आहे त्या मागे राहतात. साठा दोन जागी ठेवा, एक घराजवळ आणि एक कुरणाच्या वरच्या टोकाला.

विण्याच्या आधीच्या 6 आठवड्यांत तर उपास अजिबात परवडत नाही. गर्भाची सुमारे 70 टक्के वाढ याच काळात होते. जुळं पोटात असलेली मेंढी एक-दोन दिवस उपाशी राहिली तरी अंगातली चरबी जाळू लागते आणि त्या जळण्याची घाण रक्तात साठते. ती कळपापासून बाजूला उभी राहते, दिसत नसल्यासारखी एकटक बघते, बादली वाजवली तरी येत नाही. इकडे या आजाराला ट्विन लॅम्ब डिसीज म्हणतात. अशी मेंढी दिसली की "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका, त्याच तासाला प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे अंगाला झटकन शक्ती देणारं पातळ औषध, पाजा आणि डॉक्टरांना फोन करा. आणि लोकर दिसते म्हणून मेंढी गुबगुबीत समजू नका. कंबरेच्या मणक्यावर हात दाबून बघा. हे बोटांनीच कळतं, फोटो पाठवून कळत नाही.

गारठलेलं कोकरू थेट दिव्याखाली

ही माझ्या मते सगळ्यात महागडी घाई आहे. बर्फात कोकरू सापडतं, थंडगार, मान टाकलेलं. माणूस त्याला उचलतो, घरात आणतो आणि लाल दिव्याखाली ठेवतो. कोकरू जरा हलतं, सगळ्यांना हायसं वाटतं. मग ते ताठ होतं, झटके देतं आणि मरतं. लोक म्हणतात, "उशीरच झाला होता." बऱ्याचदा उशीर झालेला नसतो, क्रम चुकलेला असतो.

कोकरू जन्मताना अंगात थोडी चरबी घेऊन येतं. चीक मिळाला नाही तर ती साधारण 5 तासांत संपते. त्यानंतर रक्तात साखरच नसते. अशा कोकराला ऊब दिली की शरीर जागं होतं आणि साखर मागू लागतं, ती नसते, आणि मेंदू बंद पडतो. म्हणून आधी थर्मामीटर. माझ्या जॅकेटला तो दोरीने बांधलेला असतो आणि त्याच्याशिवाय मी कुठल्याही कोकराबद्दल मत देत नाही. 39 ते 40 अंश ठीक. 37 ते 39 असेल तर पुसून कोरडं करा, चीक पाजा, आईजवळ आडोशाला ठेवा.

37 च्या खाली असेल तर वय विचारा. 5 तासांच्या आतलं असेल तर कोरडं करून ऊब द्या, 37 च्या वर आलं की चीक. त्याहून मोठं असेल तर ऊब देण्याआधी 20 टक्के ग्लुकोज, शरीराइतकं कोमट, किलोला 10 मिली, पोटाच्या पोकळीत टोचून. बाजारात 40 टक्क्यांची बाटली मिळते. तेवढंच नुकतं उकळलेलं पाणी मिसळलं की तीव्रता आणि तापमान दोन्ही जमतं, तरी टोचण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघा. ही सुई कुठे आणि कशी घालायची हे डॉक्टरांकडून हिवाळ्याआधी प्रत्यक्ष शिका. व्हिडिओ बघून ऐन रात्री करू नका. शुद्धीवर नसलेल्या कोकराला नळीने किंवा बाटलीने काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

चिकाचं माप लक्षात ठेवा: पहिल्या 2 तासांत किलोला 50 मिली, पहिल्या 24 तासांत मिळून किलोला 200 मिली. चार किलोच्या कोकराला पहिल्यांदा 200 मिली. "थोडं चाटवलं" हे माप नव्हे.

बाकीच्या, थोडक्यात

बर्फ खातात म्हणून पाणी ठेवायचं नाही, असं करू नका. सुकी वैरण चालू असताना पाणी लागतंच. गोठलेली टाकी दिवसातून दोनदा फोडा.

गोठ्याच्या सगळ्या फटी पोती लावून बुजवू नका. कोंदट ओलीत न्यूमोनिया होतो. डोक्यावरून वाफ निघून गेली पाहिजे.

गाईंचं खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीही नाही. त्यातलं तांबं यकृतात साठतं आणि मेंढी मरते.

माती लागलेला किंवा बुरशी धरलेला मुरघास फेकून द्या. त्यातून लिस्टेरिया होतो, मेंढी गोल गोल फिरू लागते. बर्फात वैरण कमी पडलीय ही सबब इथे चालत नाही.

बर्फ वितळताना

सूर्य निघाला की लोक निवांत होतात. जानेवारी 1794 मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिणेत एका रात्रीच्या वादळात 17 मेंढपाळ मेले. त्यानंतर पूर आला आणि सॉल्वेच्या खाडीत, एस्क नदीच्या मुखाशी, वाहून आलेल्या 1840 मेंढ्या आणि 45 कुत्री मोजली गेल्याची नोंद आहे. ढिगाऱ्यातून वाचलेली मेंढी अशक्त असते, ती पाण्यासाठी ओढ्याकाठी उतरते आणि तिथेच बर्फाखालून पाणी फुगत असतं. तेव्हा पावसाचा पहिला अंदाज आला की ओढ्याकाठची कुरणं रिकामी करून फाटकं लावा, भिंतींवरून पलीकडे गेलेल्या मेंढ्या शेजाऱ्यांकडून मोजून आणा आणि प्रत्येकीचे खूर व कास हाताने तपासा. मेलेली जनावरं रानात पुरू नका. इंग्लंडात त्याला बंदी आहे, ती उचलून नेणाऱ्या अधिकृत माणसाचा नंबर बर्फ पडण्याआधीच लिहून ठेवा.