लेस्ट, ऑलबीइट आणि बांधावरचा निंब: अनोळखी इंग्रजी शब्द वाक्यात कसे बसवायचे

रावेरला माझ्याकडे संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं इंग्रजी शिकायला येतात. बरीचशी दिवसभर केळीच्या बागेत राबून आलेली असतात. केळीच्या चिकाचे काळे डाग त्यांच्या बोटांवर असतात, आणि त्याच बोटांनी ती शब्दांची वही उघडतात. वहीत लिहिलेलं असतं, 'लेस्ट म्हणजे नाहीतर', 'ऑलबीइट म्हणजे जरी'. अर्थ तोंडपाठ असतो, पण वाक्य करायला सांगितलं की चुकतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं: इंग्रजी शब्दासमोर नुसता मराठी अर्थ लिहू नका, आपल्या रोजच्या बोलण्यातलं अख्खं वाक्य लिहा.

'लेस्ट' घ्या. थंडीत आपण काय म्हणतो? 'घडांना थंडी बाधू नये म्हणून पिशव्या चढवल्या.' हेच इंग्रजीत: 'वी कव्हर्ड द बंचेस लेस्ट द कोल्ड शुड डॅमेज देम.' आता मराठी वाक्यातल्या 'नये'वर बोट ठेवा. इंग्रजीत ते कुठे गेलं? 'लेस्ट'च्या पोटात. नकार त्या शब्दातच असल्यामुळे त्याच्यापुढे पुन्हा 'नॉट' येत नाही. 'लेस्ट द कोल्ड शुड नॉट डॅमेज देम' लिहिलंत, तर थंडी बाधावी म्हणून पिशव्या चढवल्या असा अर्थ होतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा पद्मालयाच्या सहलीची सूचना मी लिहिली होती: सहाला या, 'लेस्ट यू शुड नॉट मिस द बस'. तीन दिवस ती फलकावर होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याच नजरेस पडली आणि जीव खालीवर झाला. इतकी वर्षं मुलांनाही आपण असंच शिकवलं असेल का, या विचारानं रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून पोटात नकार असलेल्या प्रत्येक शब्दाला वहीत लाल शाईनं गोल करायची सवय मी लावून घेतली, आणि मुलांनाही लावते.

'लेस्ट'नंतर क्रियापद कोणतं हेही इथेच बघून घ्या. एकतर 'शुड' लावा, नाहीतर क्रियापद मूळ रूपात ठेवा: 'लेस्ट ही फॉल'. 'फॉल्स' नको, 'विल'ही नको. इंग्रजी देशांतल्या युद्धस्मारकांवर 'लेस्ट वी फरगेट' कोरलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवलं तरी रूप चुकत नाही.

'अनलेस'लाही लाल गोल. 'पाऊस पडल्याशिवाय बी उगवणार नाही': 'द सीड वोन्ट स्प्राउट अनलेस इट रेन्स.' आपलं 'नाही' 'उगवणार'जवळ आहे, तसंच इंग्रजीतही ते 'स्प्राउट'जवळच राहिलं. पावसाच्या भागात ना 'नॉट', ना 'विल'.

'ऑलबीइट' मुलांना फार अवघड वाटतो, कारण शब्दकोशात त्याचा अर्थ 'जरी' असा सापडतो. माझ्या मते त्याला मराठीत नेमका जोडीदार आहे: 'का होईना'. 'भुसावळची गाडी आली, उशिरा का होईना': 'द ट्रेन केम, ऑलबीइट लेट.' 'का होईना' जसं एखाद्या शब्दाला चिकटतं, तसंच 'ऑलबीइट'पुढेही एखादा शब्द किंवा शब्दसमूह ठेवा. पुढे कर्ता-क्रियापदासह पूर्ण वाक्य यायचं असेल तर सरळ 'ऑलदो' वापरा. 'ऑल', 'बी', 'इट' हे तीन शब्द जुळून तो झाला आहे, त्यामुळे उच्चारही तसाच करायचा.

'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'असूनही', आणि त्याच्याबरोबर नाम येतं. इंग्रजीतले असे शब्द सहसा नामाच्या आधी येतात, हा मात्र मागेही बसतो: 'द हीट नॉटविथस्टँडिंग', म्हणजे ऊन असूनही. आपल्याला तर हीच मांडणी सवयीची.

आता क्रियापदं. 'पडणं' आणि 'पाडणं' यांत खानदेशात कुणाची गल्लत होते का? मग 'फॉल' आणि 'फेल' (fell, नापास होण्याचा 'फेल' नव्हे) यांतही व्हायचं कारण नाही. वादळात बांधावरचा निंब पडला: 'द नीम फेल.' माणसांनी तो पाडला: 'दे फेल्ड द नीम.' पाडण्याचं क्रियापद 'फेल-फेल्ड-फेल्ड' असं वेगळंच चालतं. फक्त त्याचं मूळ रूप 'फॉल'च्या भूतकाळासारखं दिसतं, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

'लाय' आणि 'ले'चंही तसंच. घड पानांवर पडलेला आहे: 'द बंच लाइज ऑन द लीव्ह्ज.' मजूर घड पानांवर ठेवतो: 'ही लेज द बंच ऑन द लीव्ह्ज.' कालचं सांगताना मात्र जपा. काल घड तिथे पडून होता, 'द बंच ले देअर'. काल त्यानं ठेवला, 'ही लेड इट देअर'. 'ले' दोन्ही घरांत राहतो. अडलात की 'काय ठेवलं?' असा प्रश्न विचारा. वाक्यात उत्तर सापडलं तर 'लेड', नाही सापडलं तर 'ले'.

'बिहोव्ह' (अमेरिकेत 'बिहूव') म्हणजे शोभणं, कर्तव्य असणं. याचा कर्ता 'इट'. माणूस कर्ता होत नाही. 'आय बिहोव्ह' चूक, 'इट बिहोव्हज अस टू हेल्प देम' बरोबर. अहिराणीत आपण 'माले भूक लागनी' म्हणतो, तिथे लागते ती भूक, मी नव्हे. मुलांना हे वाक्य सांगितलं की लगेच पटतं.

हे शब्द अर्जात, अहवालात, निबंधात शोभतात. मैत्रिणीला निरोप धाडताना 'लेस्ट' नको, 'सो दॅट' आणि त्याच्यापुढे 'नॉट' बरं. आज रात्री वहीत आपल्या घरातली, शेतातली पाच मराठी वाक्यं लिहा, नकाराला लाल गोल करा आणि मगच इंग्रजी करा. चुकलेलं वाक्य खोडू नका. त्याच्याखाली बरोबर वाक्य लिहा आणि तारीख टाका.