दीडची मॅच साडेबाराला
आमचं आजोळ कोल्हापूर, त्यामुळे फुटबॉलचं वेड पाटाकडील तालीम या तिथल्या फुटबॉल संघाच्या मॅच बघितल्यापासूनचं. आता सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात केबल, वर एका ॲपची वर्गणी. तरी युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या रात्री टीव्ही काळा. इंग्लंडची प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्सवर, चॅम्पियन्स लीग सोनीवर. आमच्या पॅकमध्ये नेमकं सोनी स्पोर्ट्सच नव्हतं. केबलवाला म्हणाला, "दादा, मोठा पॅक घ्या की." नाही घेतला. 2019 पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार सुटा चॅनेल मागता येतो. कुणी न बघणारे चार चॅनेल काढले, हवा तो एकच घेतला. दुसऱ्या दिवशी सुरू. ॲप बंद केलं. तो प्लॅन मोबाईलपुरताच निघाला, टीव्हीवर चालेना.

खरी फजिती पुढंच. एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे दीडचा गजर लावून उठलो, तर दुसरा हाफ सुरू होत होता! मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर पुढं सरकतात, आपली नाही. म्हणून थंडीत रात्री दीडला सुरू होणारी मॅच तेव्हा साडेबाराला. आता मोबाईलमध्ये दोन गजर ठेवलेत. बायकोच्या हुकमाने टीव्हीचा आवाज बंद. गोल झाला की मात्र शेजारचे काकाच खिडकीतून विचारतात, "कुणी मारला रे?"