निर्णयामागचा खरा हेतू कसा तपासायचा: टीम सांभाळणाऱ्यांसाठी

बदलापूरहून मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, येणारी सहकारी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागते. लोकल, मग कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा, एका बाजूचे दीड तास सहज जातात. मॅनेजर म्हणतो, "टीममध्ये संवाद राहायला हवा, म्हणून सगळ्यांनी ऑफिसात यावं." कारण ऐकायला ठीक आहे. पण तिचा निम्मा दिवस पुण्याच्या टीमबरोबर कॉलवर जातो, हे दोघांनाही ठाऊक असतं. खरी गोष्ट अशी की मोठे साहेब मजल्यावरून फेरी मारतात तेव्हा रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत भरतात. ते तिच्या लक्षात येतं, आणि तिथून पुढे मॅनेजरने दिलेलं प्रत्येक कारण ती दोनदा तपासून घेते.

आपण खोटं बोललो असं त्या मॅनेजरला मात्र वाटत नाही. संवादाचं कारण त्याला मनापासून पटलेलं असतं. 1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात एक साधा प्रयोग आहे. दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून येणाऱ्यांना सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितलं. सगळ्यात उजवीकडचा जोड सर्वांत जास्त वेळा निवडला गेला. का निवडला म्हणून विचारल्यावर लोकांनी मोज्यांच्या दर्जाबद्दल सांगितलं. चारही जोड एकसारखेच होते. मांडणीतल्या जागेमुळे निवडला असं आपणहून कुणीच म्हणालं नाही.

म्हणून डोळे मिटून "माझा हेतू स्वच्छ आहे ना?" असं स्वतःला विचारण्याचा उपयोग नाही. मन नेहमी हो म्हणतं. हेतू शोधायचा तो कागदावर आणि जुन्या नोंदींमध्ये.

निर्णयाआधी चार ओळी

शंभर पानी साधी वही घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका. तो कंपनीचा आहे, कोणी वाचेल या धास्तीने तुम्ही पहिल्या दिवसापासून सांभाळून लिहाल. लोकलमध्येही लिहू नका, शेजारी बसलेला वाचतो आणि तो तुमच्याच इमारतीत काम करणारा निघू शकतो. घरी किंवा ऑफिसला लवकर पोचून दहा मिनिटं पुरतात.

प्रत्येक बारीकसारीक निर्णयासाठी हे करायचं नाही, केलं तर दोन आठवड्यांत वही बंद पडते. ज्यात माणसाचं काही कमी-जास्त होतं तेवढेच निर्णय घ्या: रजा नाकारणं, रेटिंग, क्लायंटसमोर कोण बोलणार, नकोसं काम कुणाकडे, कोणाला टीममध्ये घ्यायचं. आठवड्याला दोन-तीन होतात. निर्णय जाहीर करण्याच्या आधी हे लिहा:

1. काय ठरवतोय.
2. लोकांना कारण काय सांगणार.
3. हे झालं तर मला काय मिळतं, किंवा माझी कशातून सुटका होते.
4. याची किंमत कोण मोजणार.

सगळा कस तिसऱ्या ओळीत लागतो. तिथे "टीमचं भलं", "कामाचा दर्जा" असं लिहायला मनाई. ते दुसऱ्या ओळीचं सामान आहे. ओळ रिकामी राहिली तर पुढच्या यादीवरून एकेक बोट फिरवा: वरिष्ठांसमोरची छबी, माझा वेळ, कुणावरचा जुना राग, आपल्या माणसाची सोय, माझ्यावाचून चालत नाही ही भावना, आणि अवघड बोलणं टळणं.

शेवटचा हेतू सर्वांत जास्त सापडतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. ज्याचं काम कच्चं आहे त्याला तसं सांगायचं धाडस होत नाही, म्हणून त्याच्याकडचं महत्त्वाचं काम काढून "तुला यात नवीन शिकायला मिळेल" म्हणत कडेचं काम दिलं जातं. इकडे जी मुलगी कधी नाही म्हणत नाही तिच्या पदरात तिसरं प्रोजेक्ट पडतं, आणि सांगितलं जातं की तिच्यावर विश्वास आहे. विश्वास असेलही. पण बाकीच्या चौघांशी वाद घालायला नको, हे तिसऱ्या ओळीत लिहायलाच हवं.

दुसरी आणि तिसरी ओळ वेगळी निघाली म्हणजे निर्णय चुकला असं नाही. हेतू बहुतेक वेळा मिसळलेलेच असतात. बढती हवी असणं, साहेबांचा राग नको असणं यात गैर काही नाही. फक्त एक परीक्षा करा: चौथ्या ओळीतलं नाव बदलून बघा. हीच रजा टीममधल्या तुमच्या लाडक्या माणसाने मागितली असती तर? उत्तर बदललं, तर निर्णय तिसऱ्या ओळीने घेतलेला आहे. तो थांबवा.

सहा आठवड्यांनी मागची पानं उघडा. एका पानावरून काही कळत नाही. पंधरा पानांवर तोच शब्द चार-पाच वेळा आला की कळतं.

दोन रकाने

एखादं बोलणं अडखळत झालं, उगाच ताण आला, की त्याच रात्री ही रीत वापरा. ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकांनी 1970 च्या दशकात ती रूढ केली. पानावर उभी रेघ मारा. उजवीकडे प्रत्यक्ष बोललेली वाक्यं, डावीकडे त्या क्षणी मनात काय होतं ते. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका, तोवर डावा रकाना सभ्य होऊन जातो. वरच्या प्रसंगाचं पान साधारण असं दिसेल:

मी: "तुझी अडचण समजते गं, पण संवादासाठी सगळे इथे हवेत."
मनात: परवाच साहेब म्हणाले, "तुझी माणसं आहेत कुठे?"

ती: "सर, माझं काम तर पुण्याच्या टीमबरोबर कॉलवरच असतं."
मनात: खरं आहे. पण हिला दिलं तर उद्या चौघं मागतील.

मी: "बघू, पुढच्या महिन्यात बोलू."
मनात: तोवर विसरेल.

आता डाव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीवर खूण करा: बोलून दाखवता आली असती का? पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा सांगता येतात. "मजला रिकामा दिसला की मला वरून विचारणा होते, त्याची मला काळजी आहे. आणि तुला दिलं तर बाकीच्यांनाही द्यावं लागेल, तो नियम अजून मी ठरवलेला नाही." एवढं सांगितलं की बोलण्याचा विषयच पालटतो. फेरी सोमवारी होत असेल तर ती मंगळवार-गुरुवार मागू शकते. नियमाबद्दल चौघांना एकत्र बसवता येतं. "संवाद" या शब्दाला धरून मात्र कुणालाच काही सुचवता येत नव्हतं, कारण अडचण तिथे नव्हतीच. खोट्या कारणाचं मोठं नुकसान हेच: समोरच्याची हुशारी चुकीच्या प्रश्नावर खर्च होते.

डाव्या रकान्यातली तिसरी ओळ, "तोवर विसरेल", बोलून दाखवायची नाही, दुरुस्त करायची. दुसऱ्या दिवशी तिला तारीख द्या.

"आपण", "आम्ही" आणि "राहून गेलं"

मराठीत स्वतःला पकडण्याची एक सोय आहे, जी फार कमी लोक वापरतात. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. "आपण हे रविवारी संपवून टाकू" असं म्हणून रविवारी स्वतः घरी असणारा मॅनेजर "आपण" चा अर्थ "तुम्ही" असा वापरत असतो. गेल्या महिन्यातले तुमचे मेसेज उघडा, "आपण" कुठे आलंय ते शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: यात माझा वाटा नेमका काय होता?

दुसरी तपासणी क्रियापदांची. वरिष्ठांना पाठवलेले दहा मेल किंवा मेसेज घ्या, पाच चांगल्या बातमीचे, पाच वाईट. चांगल्या बातमीत "मी करून घेतलं", "माझ्या टीमने केलं" आणि वाईट बातमीत "राहून गेलं", "उशीर झाला", "त्यांच्याकडून आलं नाही" असा साचा दिसला, तर श्रेय कुठे जातं आणि दोष कुठे जातो याचा लेखी पुरावाच तुमच्यासमोर आहे. मेल इंग्रजीत असले तरी कर्ता कुठे गायब होतो ते तितकंच स्पष्ट दिसतं. पुढचा वाईट बातमीचा मेल लिहिताना कर्ता घाला: "मी तारीख चुकीची धरली." आधी घशाशी येतं. तिसऱ्या-चौथ्या मेलनंतर येत नाही.

तीन महिन्यांचा हिशेब

कॅलेंडर, रजेच्या नोंदी आणि कामवाटपाची शीट समोर घ्या. प्रत्येक माणसापुढे चार आकडे लिहा: किती वेळा क्लायंट किंवा वरिष्ठांसमोर उभं राहायची संधी मिळाली, किती रजा नाकारल्या, त्याच्याशी ठरलेलं बोलणं किती वेळा पुढे ढकललं, रात्री नऊनंतर त्याला किती मेसेज गेले. तासाभराचं काम आहे.

आकडे समान असायलाच हवेत असं नाही. अनुभव, कामाचा प्रकार यांनी फरक पडतो. पण प्रत्येक मोठ्या फरकाचं कारण एका वाक्यात, त्या माणसाच्या तोंडावर सांगता येईल असं लिहा. जिथे वाक्य जमत नाही, तिथे खूण करा. मुंबईत एक फरक हमखास सापडतो: जवळ राहणाऱ्याला, म्हणजे उशिरापर्यंत थांबू शकणाऱ्याला, निष्ठावान समजलं जातं, आणि सहा पन्नासची विरार लोकल पकडायला निघणारा कमी पडणारा ठरतो. दोघांचं झालेलं काम शेजारी शेजारी ठेवून बघा.

लोकांना विचारायचं ते असं

"माझ्याबद्दल काय वाटतं?" असं विचारलं की "नाही सर, छानच आहे सगळं" एवढंच मिळतं. प्रश्न छोटा आणि ठरावीक काळापुरता हवा: "गेल्या पंधरा दिवसांत माझ्या कोणत्या एका गोष्टीमुळे तुमचं काम अडलं किंवा वाढलं?" विचारून दोन दिवस द्या. मार्च-एप्रिलमध्ये, रेटिंग आणि इन्क्रिमेंटच्या तोंडावर, हा प्रश्न काढू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच नाही. पाच-सहा जणांच्या टीममध्ये निनावी फॉर्मही खरा निनावी नसतो, भाषेवरून माणूस ओळखू येतो आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असतं.

उत्तर ऐकताना दोनच गोष्टी करायच्या: लिहून घ्यायचं आणि आभार मानायचे. "अगं, त्याचं कारण असं होतं की…" हे वाक्य तोंडातून गेलं की पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही. दहा दिवसांच्या आत एक छोटी, डोळ्यांना दिसेल अशी गोष्ट बदला. स्पष्ट बोलणाऱ्याचं रेटिंग दोन महिन्यांनी उतरलं, मग ते योग्य कारणाने का असेना, तर टीमचा अर्थ ठरलेला आहे. तसं रेटिंग द्यायचंच असेल तर कामाचे तारखांसकट दाखले आधीपासून लेखी हवेत.

टीम सोडून तीन महिने झालेल्या माणसाशी बोला. नोकरी सोडताना सगळे गोड बोलतात, कारण अनुभवाचं पत्र आणि शेवटचा हिशेब अडकलेला असतो. नंतर ते ओझं नसतं.

किती बोलायचं

प्रामाणिक असणं म्हणजे मनातलं सगळं ओतणं असा अर्थ घेतला की दुसऱ्या टोकाची गडबड होते. "मी स्पष्ट बोलतो" म्हणत चारचौघांत पाणउतारा करणं हा फटकळपणा आहे, आणि त्यामागचा हेतू तिसऱ्या ओळीत शोधण्यासारखा असतो. ज्युनिअरला "तुझ्या हुशारीची मला भीती वाटते" असं सांगणंही बरोबर नाही, तुमचं ओझं त्याने का वाहायचं?

साधा नियम असा की ज्या हेतूमुळे समोरच्याचं काही कमी-जास्त होतंय तेवढा सांगायचा. पगार, कुणाचं आजारपण, वरून आलेली गोपनीय गोष्ट यात "हे मला सांगता येत नाही" असं सरळ म्हणायचं. लोक ते मान्य करतात. बनवलेलं कारण मात्र लक्षात ठेवतात.

जिथे स्वतःवर भरवसा ठेवायचा नाही

काही ठिकाणी वहीही पुरत नाही. लोअर परळच्या ज्या परिसरात आज काचेच्या इमारती आहेत, तिथल्या गिरण्यांमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, कामगारांना कामावर घ्यायचा आणि काढायचाही, आणि त्या बदल्यात दस्तुरी, म्हणजे लाच, उकळायचा. 1931 साली शाही कामगार आयोगाने आपल्या अहवालात यावर बोट ठेवलं. आयोगाचा उपाय ध्यानात घेण्यासारखा आहे: भरतीचा आणि कामावरून काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि भरतीसाठी लेबर ऑफिसर नेमावा. जॉबरच्या सचोटीवर त्यांनी काही सोपवलं नाही.

तुमच्या टीममध्ये नातेवाईक, जुना मित्र, तुमच्या पदावर डोळा असलेला माणूस, किंवा ज्याच्याशी अलीकडेच खटका उडाला असा कोणी असेल, तर त्याचं रेटिंग एकट्याने देऊ नका. आकडे सिस्टीममध्ये भरण्याच्या किमान आठवडाभर आधी तुमच्याच पातळीवरच्या दुसऱ्या मॅनेजरला गाठा. त्याला फक्त कामाचे दाखले द्या, तुमचा आकडा सांगू नका, आणि त्याचा आकडा आधी लिहून घ्या. दोन आकड्यांत फरक पडला तर एचआरकडे दोन्ही पाठवा, आणि तुमचं त्या माणसाशी काय नातं आहे ते मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा.