सिझर आणि जुनी कंबरदुखी: पहिले सहा आठवडे कसे काढावेत

सिझरमध्ये पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. त्यांच्यावरचं आवरण मात्र कापून शिवलेलं असतं. त्यामुळे काही आठवडे पोट कंबरेला नीट आधार देत नाही, आणि गरोदरपणामुळे सांधेही सैल असतात. मणक्यातली गादी आधीच सरकलेली असेल तर सगळा ताण तिथेच येतो. घरात काळजी मात्र फक्त टाक्यांची होते.

पहिला बदल बाजेत करा. बाळंतिणीसाठी काढलेली सुंभाची बाज मध्ये खचते. कुशीवर वळायला गेलं की अंग पुन्हा खड्ड्यात घसरतं, मग बाई पोटाच्या जोरावर उठते आणि टाके व कंबर दोन्ही ओढले जातात. बाजेवर 18 मिलिमीटरचा प्लायवूड आणि त्यावर कापसाची गादी टाका. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. जमिनीवरचं अंथरूण तर नकोच.

उठताना गुडघे एकेक करून वाकवा. खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी कुशीवर वळवा. कंबरेला पीळ पडता कामा नये. श्वास सोडत पाय खाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर व वरचा तळहात गादीवर रेटून बसा. चक्कर येत नाही ना, हे मिनिटभर पाहून उभ्या राहा. झोपताना हाच क्रम उलटा. मदतीला आलेल्यांनी हाताला धरून ओढू नये. खोकताना, शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरा.

कंबर खरी बिघडते ती पाजताना, कारण बाळ दिवस-रात्रीत 8 ते 12 वेळा पितं आणि दर वेळी आई पुढे झुकते. आपण झुकायचं नाही, बाळाला वर आणायचं. सरळ पाठीची खुर्ची, कंबरेमागे टॉवेलची वळकटी, पायाखाली पाट, मांडीवर दोन उशा. बाळाचं अंग आपल्या काखेखालून, पाय मागे, असं धरलं की टाक्यांवर भार येत नाही. रात्री कुशीवर पाजा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, पण झोपायच्या आधी बाळ त्याच्या जागी ठेवायला कुणाला तरी सांगा. झोळी खाली लोंबत असेल तर बाळ उचलून देण्याचं काम दुसऱ्याचं.

बाजेखालची शेगडी बंद करा. टाक्यांभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर राहते, चटका कळत नाही. धूर बाळालाही वाईट. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात कोंडलेल्या खोलीत घामाने जखम ओलीच राहते. कंबरेला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 15 मिनिटं पुरे. मालिश कुशीवर, हलक्या हाताने; उपडं झोपवून किंवा पाठीवर पाय देऊन नाही. टाक्यांवर हळद-तेल नको. अंघोळ स्टुलावर बसून, बादलीही दुसऱ्या स्टुलावर. संडासाला उकिडवं बसण्याऐवजी कमोडची खुर्ची वापरा.

सव्वा महिना पडून राहण्याने पायात रक्ताची गाठ होऊ शकते. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवसापासूनच थोडं थोडं चाला. हंडा, ओल्या धुण्याची बादली, थोरलं मूल, म्हणजे बाळापेक्षा जड काहीही सहा आठवडे उचलू नका. पोटाचा पट्टा चालताना बांधला तर हरकत नाही, श्वास अडेल इतका आवळून नको.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजताना सहसा चालतात, पण पित्त, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. जुन्या कंबरदुखीची उरलेली ट्रामाडॉलसारखी गोळी मनाने घेऊ नका. ती दुधातून बाळाला सुस्त करू शकते.

‘पाठीतल्या इंजेक्शनने कंबर गेली’ हे घरोघरी ऐकू येतं. इंजेक्शनची जागा काही दिवस हुळहुळते, पण कायमची कंबरदुखी त्याने सहसा होत नाही. बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं: यात सकाळची वाट पाहू नका. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या असतील तर तासांवर खेळ असतो. 108 ला फोन करा आणि एमआरआय व मणक्याचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. एकच पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू, यांसाठीही तेवढीच घाई.