पूर्वजाची दफननोंद सापडत नाही? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याची वंशावळ लावताना बाप्तिस्मा सापडतो, लग्न सापडतं, मुलाबाळांची नावंही सापडतात आणि मग माणूस एकाएकी नाहीसा होतो. दफनाची नोंद काही केल्या मिळत नाही. नोंदच नष्ट झाली असेल, असं म्हणून बरेच जण इथे हात टेकतात. माझा अनुभव असा, की नोंद बहुधा वहीत असते. आपण चुकलेले असतो.

सगळ्यात जास्त घोळ सनाचा. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. एका शेतकऱ्याचं मृत्युपत्र मला मिळालं होतं, नोव्हेंबर १७४१ चं. त्याच नावाचं दफन पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वहीत होतं ९ फेब्रुवारी १७४१ ला. पुरलेला माणूस नऊ महिन्यांनी मृत्युपत्र कसं करेल? म्हणून ती नोंद सोडून मी शेजारच्या पॅरिशच्या वह्या धुंडाळत बसलो. पुन्हा मूळ वहीकडे वळून पानं ओळीने वाचली, तेव्हा दिसलं की हा फेब्रुवारी डिसेंबर १७४१ च्या खाली आहे. आपल्या हिशेबाने तो १७४२ चा. तेव्हापासून १ जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक जुनी तारीख मी १७४१/४२ अशी दोन्ही सनांनी टिपून ठेवतो. क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या स्वतंत्र वह्यांत तर महिन्यांना नावंच नसतात, नुसते आकडे असतात, आणि त्या काळात त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च.

दुसरी चूक म्हणजे फक्त सूचीत नाव टाकून शोधणं. सूची करणाऱ्याला जे अक्षर लागलं तेच तिथे येतं. क्रिस्टोफर हे नाव जुन्या वह्यांत ‘एक्स’पासून लिहिलेलं सापडतं, लॅटिन नोंदीत जेम्सचा जाकोबुस होतो. बायकांचं तर नावच पुष्कळदा नसतं. ‘विधवा स्मिथ’ किंवा ‘जॉनची बायको’ एवढंच. अशा नोंदी सूचीतून कशा हाती लागणार? शंका असलेली दहा वर्षं पानागणिक वाचणं हाच उपाय. वेळ लागतो, पण मी दुसरा मार्ग सुचवणार नाही.

एकच प्रत पाहून थांबू नका. पॅरिशने नोंदी ठेवाव्यात हा हुकूम राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. १५९८ पासून दरवर्षी त्यांची नक्कल बिशपकडे पाठवणं बंधनकारक झालं. मूळ वही भिजली, फाटली, तरी नक्कल शाबूत असू शकते. कधी कधी एखादं नाव नकलेतच जास्त स्पष्ट वाचता येतं. १६४० च्या दशकापासून १६६० पर्यंत मात्र यादवी युद्ध आणि नंतरच्या राजवटीमुळे बऱ्याच ठिकाणी वह्यांत खिंडार आहे. तिथे मृत्युपत्रांकडे वळावं लागतं.

नोंदीपुढे ‘पी’ (पॉपर, म्हणजे कंगाल) अक्षर दिसलं की घराणं कंगाल होतं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता, त्यामुळे कर चुकवायलाही ‘पी’ लागलेला असू शकतो.

शहरात शोधत असाल तर चर्चबाहेरही बघा. लंडनमध्ये चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या अनेकांना बनहिल फील्ड्समध्ये पुरलं जाई. १८५० च्या दशकात शहरांतली चर्चची भरलेली आवारं बंद होत गेली आणि दफनं सार्वजनिक दफनभूमीत होऊ लागली. त्यांच्या वह्या वेगळ्या.

१८१३ पासून छापील रकान्यांत वय आणि राहण्याचं ठिकाण आलं. वय मागे राहिलेल्यांनी अंदाजाने सांगितलेलं असतं, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या फरकावरून नोंद नाकारू नका.

आणि ज्याचं दफन साठाव्या वर्षी शोधताय, तो लहानपणीच गेला नव्हता ना, हे आधी बघा. मेलेल्या बाळाचंच नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीनंतरची पाच-सहा वर्षं दफनांच्या पानांवर बोट ठेवून वाचा. ‘जॉन, विल्यमचा मुलगा’ अशी ओळ तिथे दिसली, तर तुमचा जॉन दुसरा आहे, आणि त्याचा बाप्तिस्मा काही पानं पुढे असेल.