जुन्या विमानाचा पत्रा हाताने घडवताना या चुका टाळा

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंख जिथे धडाला मिळतो, तिथला ॲल्युमिनियमचा वळणदार पत्रा हाताने घडवणं ही कारागिराची खरी परीक्षा आहे. १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान ब्रिटनमध्ये आजही नव्याने उभं केलं जातं आणि त्यातला हा भाग नवख्या माणसाला हमखास दमवतो.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. पत्रा कुठे वाढवायचा आणि कुठे आकसवायचा, हे ठरवायच्या आतच ठोकायला सुरुवात होते. फुगीर आकार हवा असेल तर मध्यभाग वाढवावा लागतो किंवा कडा आकसवाव्या लागतात. पंखाच्या मुळाशी मात्र पत्रा एका दिशेने आत आणि दुसऱ्या दिशेने बाहेर वळतो, अगदी घोड्याच्या खोगिरासारखा. इथे वाढवायच्या असतात त्या कडा. वाळूच्या पिशवीवर ठेवून मधेच मोगरी मारत राहिलात, तर आकार जवळ येण्याऐवजी लांब जातो.

हे आधीच ओळखायला साधा कागद पुरतो. लाकडी साच्यावर तो दाबून बसवा. जिथे चुण्या पडतात तिथे पत्रा आकसवायचा. जिथे कात्रीने चीर दिल्याशिवाय कागद बसत नाही तिथे वाढवायचा, आणि चीर जितकी उघडते तितकं वाढवायचं. पण साचा एकाच जुन्या पत्र्यावरून करू नका. तो पत्रा अपघातात पिळवटलेला असू शकतो. मूळ आराखडा आणि समोरचा सांगाडा, दोन्हींशी ताडून बघा.

आकार जमला, पण अंगठ्याने दाबल्यावर पत्रा टक्कन आत जातो आणि सोडला की बाहेर येतो? मधे धातू जास्त झाला आहे. फुगवट्यावर हातोडी मारू नका, त्याने तो आणखी पसरेल. कडेच्या पट्ट्यावर इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून पसरवणारं यंत्र) हलक्या दाबाने फिरवा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पत्रा साच्यावर ठेवून बघा. उलट कडेला लाटा येत असतील, तर जास्तीचा धातू कडेलाच आहे, ती आकसवा. चाकाचा दाब पहिल्यापासून जास्त ठेवला की पट्टे उमटतात, ते नंतर काढणं फार जिकिरीचं. चाकं पुसून घ्या, अडकलेला एक कणही प्रत्येक फेरीला खूण सोडतो.

कडेला भेग गेली तर दोन गोष्टी तपासा. कापलेली कड कानशीने गुळगुळीत केली होती का? आणि ठोकून कडक झालेला पत्रा पुन्हा नरम केला होता का? शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. म्हणून नुसत्या ॲसिटिलीनच्या ज्योतीने पत्र्यावर काजळीचा पातळ थर द्या, मग ऑक्सिजन सुरू करून मऊ ज्योत सतत हलती ठेवा. काजळी उडाली की ज्योत लगेच बाजूला घ्या.

हा उपाय फक्त नरम मिश्रधातूंसाठी आहे. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूसारख्या ड्युरॅल्युमिन (तांबं मिसळलेलं कडक ॲल्युमिनियम) वर्गातल्या पत्र्यावर ज्योत चालवू नका, त्याची ताकद आणि गंजरोधकता दोन्ही जातात. तो भट्टीत साधारण ४९५ अंशांवर तापवून लगेच थंड पाण्यात बुडवावा लागतो. त्यानंतर जेमतेम अर्धा तास तो वळवण्याइतका मऊ राहतो, मग आपोआप कडक होऊ लागतो. काम मोठं असेल तर तुकडे डीप फ्रीझरमध्ये ठेवून एकेक बाहेर काढा. भट्टीचं तापमान थोडंही वर गेलं तर आतल्या कणांच्या सीमा वितळू लागतात. असा पत्रा वरून चांगला दिसला तरी भंगारातच टाकायचा.

खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका, ग्राफाइटमुळे तिथे गंज धरतो. पोलादी ब्रशही दूर ठेवा. गॅस वेल्डिंग केलं असेल तर फ्लक्स (सांध्यावरचा ऑक्साइड काढायला लावलेलं रसायन) त्याच दिवशी गरम पाण्याने घासून धुवा, सांध्याच्या मागची बाजूसुद्धा.